२४ सप्टेंबर : सत्यशोधक समाज आणि पुणे करार

आपल्या समाजात १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या तारखा लहान मुलांनाही तोंडपाठ असतात. २४ सप्टेंबर ही तारीख मात्र बहुतेक घरांत कॅलेंडरवर तशीच उलटून जाते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस म्हणून माहीत असते, कारण १९६९ साली याच दिवशी ती योजना सुरू झाली. २०१४ साली भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेही २४ सप्टेंबरलाच. परंतु याच तारखेला, एकाच पुणे शहरात, ५९ वर्षांच्या अंतराने अशा दोन घटना घडल्या की ज्यांच्यामुळे अस्पृश्य आणि बहुजन समाजाच्या इतिहासाला वळण मिळाले. पहिली १८७३ सालची सत्यशोधक समाजाची स्थापना आणि दुसरी १९३२ सालचा पुणे करार.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही तारखा मुद्दाम निवडलेल्या असतात. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी १९५६ सालची विजयादशमी विचारपूर्वक निवडली. संविधान २६ जानेवारीला अंमलात आले तेही १९३० सालच्या २६ जानेवारीची आठवण ठेवून. २४ सप्टेंबर १९३२ ही तारीख मात्र कोणी निवडली नव्हती. येरवड्याच्या तुरुंगातील उपोषणाने ती लादली. तेव्हा या योगायोगातून गूढ अर्थ काढण्यात हशील नाही. दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एकच प्रश्न दोन पिढ्यांनी कसा हाताळला ते दिसते, एवढाच तिचा उपयोग.

१८७३ साली जोतीरावांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ते अर्पण केले होते. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, बुधवारी, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना पुण्यात एकत्र बोलावून सत्यशोधक समाज स्थापन केला. स्वतः जोतीराव अध्यक्ष आणि खजिनदार झाले, तर नारायणराव कडलक चिटणीस झाले. देव आणि माणूस यांच्यामध्ये भटाची मध्यस्थी नको, ही या समाजाची मुख्य भूमिका होती. त्याचबरोबर शूद्रातिशूद्रांना त्यांच्या हक्कांची जाणीव करून देणे हेही काम समाजाने अंगावर घेतले. १८७६ पर्यंत सभासदांची संख्या ३१६ झाली होती. आज आपल्याला हा आकडा लहान वाटेल. पण भटजीवाचून लग्न लावणे म्हणजे गावाचा बहिष्कार ओढवून घेणे, अशा काळातील हे ३१६ आहेत.

समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. या विवाहात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. (२५ डिसेंबर म्हटल्यावर वाचकांना १९२७ सालचे महाड आणि मनुस्मृतीचे दहन आठवले असेलच.) ज्या महाडजवळच्या रावदूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर, त्यांनी लष्करातून निवृत्त झाल्यावर 'दीनबंधू'त अस्पृश्यतेविरुद्ध लेख लिहिले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढले. 'दीनबंधू' हे सत्यशोधक चळवळीतूनच निघालेले पत्र. जोतीराव ते बाबासाहेब हे अंतर आपण एका उडीत पार करतो, पण मध्ये वलंगकरांसारखी माणसे उभी आहेत.

आता दुसरी घटना. १९३२ सालच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात आमरण उपोषण सुरू केले. २२ तारखेला बाबासाहेब त्यांना तुरुंगात भेटले. वाटाघाटी चालू होत्या आणि गांधीजींची प्रकृती खालावत होती. देशभरातून बाबासाहेबांवर केवढे दडपण आले असेल याची कल्पना करावी. गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर त्याचा सूड खेड्यापाड्यांतील निराधार अस्पृश्य वस्त्यांवर उगवला गेला असता, ही भीती खरी होती. अखेर शनिवार, २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. अस्पृश्यांच्या वतीने बाबासाहेब, तर सवर्ण हिंदूंच्या वतीने पंडित मदनमोहन मालवीय हे प्रमुख होते. गांधीजींची सही करारावर नाही, त्यांचे पुत्र देवदास यांची आहे. परीक्षेत पुष्कळ विद्यार्थी येथे चुकतात. ब्रिटिश सरकारने करार मान्य केल्यावर २६ तारखेला उपोषण सुटले.

करारात नऊ कलमे आहेत. त्यांतून काय मिळाले आणि काय गेले हे आकड्यांवरून पाहू. निवाड्याने प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा दिल्या होत्या, करारात त्या १४८ झाल्या. मद्रासच्या १८ होत्या त्या ३० झाल्या, मुंबईच्या १० होत्या त्या १५ झाल्या. केवळ बेरीज पाहिली तर जागा दुपटीहून अधिक झाल्या. यावरूनच काही लेखक हा बाबासाहेबांचा विजय ठरवतात.

पण निवाड्यात जागांपेक्षा मोलाची एक गोष्ट होती, ती म्हणजे दुहेरी मत. अस्पृश्य मतदार एक मत आपल्या विभक्त मतदारसंघात देणार आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. पहिल्या मताने त्याचा प्रतिनिधी केवळ त्याचाच राहणार. दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही त्याच्या दारी यावे लागणार. करारात हे गेले. त्याऐवजी प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्रथम चार उमेदवार निवडायचे आणि त्या चारांतून एकाची निवड सर्व हिंदू मतदारांनी मिळून करायची, असे ठरले. उदाहरण घ्या. चौघांत अस्पृश्यांचा सर्वाधिक विश्वास असलेला कार्यकर्ता पहिला आला आणि सवर्णांना सोयीचा माणूस चौथा. अंतिम निवडणुकीत बहुसंख्य मते सवर्णांची, तेव्हा चौथा निवडून येण्यास काहीच हरकत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात या दुहेरी मताच्या नुकसानीवरच बोट ठेवले आहे. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विभक्त मतदारसंघाची मागणी पुन्हा केली. करार त्यांना समाधानकारक वाटला असता तर हे घडते ना. म्हणून माझ्या मते त्याला विजय म्हणणे बरोबर नाही. मात्र केवळ शरणागती म्हणणे हाही अन्याय आहे, कारण कोंडीत सापडलेल्या माणसाने १४८ जागा आणि आणखी काही मिळवून घेतले आहे.

ते आणखी काही म्हणजे शेवटची दोन कलमे. आठव्या कलमात स्थानिक संस्था आणि सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्वाची ग्वाही आहे, तिथे टक्केवारी नाही. नवव्या कलमात प्रत्येक प्रांताच्या शिक्षणखर्चातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी असे म्हटले आहे. येथे १८८२ सालचे जोतीराव आठवतात. हंटर आयोगापुढे त्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते की, कष्टकऱ्यांच्या घामातून कर गोळा होतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक खुलासा. 'आरक्षण दहा वर्षांसाठीच होते' असे वाक्य वारंवार कानावर पडते. पुणे करारातील दहा वर्षांची मुदत चार उमेदवारांच्या प्राथमिक निवडणुकीला होती. संविधानातील दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे आणि ती लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांपुरती आहे. ती वेळोवेळी वाढवत २०१९ च्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत नेली आहे. नोकऱ्या आणि शिक्षणासंबंधीची तरतूद कलम १६ आणि १५ मध्ये आहे. तेथे वर्षांची मुदत घातलेली नाही.