पायवाट नसलेले शिखर

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डेथ व्हॅली नावाची वाळवंटी दरी आहे. तिचा सर्वांत सखल भाग समुद्रसपाटीच्याही ८६ मीटर खाली आहे. आणि पश्चिमेस टेलिस्कोप शिखर ३,३६८ मीटर उंच उभे आहे. शिखरावर उत्तरेकडून पायवाट जाते. परंतु पूर्वेकडून, थेट दरीच्या तळापासून चढणाऱ्यांना हनाउपा घळीच्या वर आखलेली वाट मिळत नाही. मग वाट शोधायची कशी?

नकाशावरून! समोच्च रेषा दाट असतील तेथे चढ खडा, विरळ असतील तेथे सौम्य. रेषांची टोके सखल भागाकडे वळलेली असतील तर ती डोंगराची सोंड. उंच भागाकडे वळलेली असतील तर घळ. घळीत कोरडे कडे व सुटे दगड अडवतात, म्हणून वरच्या भागात सोंड धरणे बरे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वर जाताना सोंडा एकमेकींना मिळत जातात. त्यामुळे माणूस माथ्याकडेच पोचतो. उतरताना मात्र त्याच सोंडेला फाटे फुटतात. एक फाटा चुकला की भलत्याच घळीत उतरणे आले! म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्याशी मागे वळून खुणा पाहून ठेवाव्यात.

आता तापमान पाहू. उंची १ किलोमीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. येथील चढ सुमारे ३.४५ किलोमीटर, म्हणजे फरक सुमारे २२ अंशांचा. तळाशी ३० अंश असताना माथ्यावर ८ अंशच! म्हणून हिवाळ्यात तळाशी सुखद हवा असली, तरी माथ्यावर बर्फ असते. उन्हाळ्यात तळाशी चालणे जिवावर बेतते. १० जुलै १९१३ रोजी तेथे ५६.७ अंश तापमान नोंदले गेले.

तिसरा प्रश्न पाण्याचा. १ लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो, अंग ओले दिसत नाही. त्यामुळे किती पाणी गेले ते कळतच नाही. ताशी १ लिटर धरले तरी ८ तासांना ८ लिटर, म्हणजे पाठीवर ८ किलोग्रॅम ओझे! निम्मे पाणी संपले, की शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिरावे.

करून पाहा : आपल्या भागाचा समोच्च रेषांचा नकाशा शाळेतून मिळवा. एखाद्या टेकडीच्या सोंडा व घळी दोन रंगांनी रंगवा. उतरताना कोठे वाट चुकेल, तेथे फुली मारा.