सरड्याच्या पोटातले जंत

प्रश्न : आमचे घर जंगलालगत आहे. परवा मांजराने सरडा मारला, तेव्हा त्याच्या पोटातून पांढरे, दोऱ्यासारखे जंत बाहेर आलेले दिसले. सरड्यांत रोगाची साथ आली आहे का? अंगणात खेळणाऱ्या मुलांना हे जंत होतील का? बागेत औषध टाकावे का?
– एक वाचक, आंबोली

उत्तर : काळजी करू नका, ही साथ नव्हे. रानातल्या धडधाकट सरड्याच्या आतड्यातही जंत सर्रास आढळतात. काहींची अंडी विष्ठेतून बाहेर पडून पुन्हा सरड्यांच्याच पोटात जातात, तर काहींच्या अळ्या खाल्लेल्या किड्यांतून येतात. असे आतड्यातले जंत बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांपुरतेच राहतात. मुलांना होणारे जंत वेगळे. ते मुख्यतः माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून येतात.

बागेत औषध मुळीच टाकू नका. सरड्याला त्याचा उपयोग नाही. उलट इतर जीव मरतील. मेलेला सरडा फावड्याने उचलून खोल पुरा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि खरी खबरदारी त्यांचीच घ्यायला हवी. मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला लावा.

मांजराचे मात्र वेगळे आहे. सरडे खाल्ल्याने त्याला काही जातींचे जंत होऊ शकतात. ते वारंवार उलट्या करत असेल किंवा वाळत चालले असेल, तर पशुवैद्यांकडून विष्ठा तपासून घ्या. माणसांचे जंताचे औषध त्याला अंदाजाने देऊ नका.