गोड्या पाण्यात डोळस, खाऱ्या पाण्यात आंधळे

नदी किती खोल आहे हे नावाडी बांबू टाकून सांगतो. पण तळच्या वाळूखाली खडक किती खोलीवर आहे? पुलाचा पाया घालताना तेच कळावे लागते. अशा कामी भूभेदी रडार उपयोगी पडते.

हे यंत्र रबरी नावेत ठेवून पाण्यावरून नेतात. त्यातून रेडिओ तरंगांचे अल्पकालीन स्पंद खाली जातात. पाणी संपून वाळू लागली की स्पंदाचा काही भाग परत फिरतो. वाळू संपून खडक लागला की आणखी काही. जाऊन येण्याचा वेळ मोजला की खोली काढता येते.

हवेत हे तरंग एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सें.मी. जातात. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८१. त्याचे वर्गमूळ ९. म्हणून पाण्यात वेग नऊ पटींनी कमी, सुमारे ३.३ सें.मी. होतो. समजा, बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या एका डोहात तळाकडून स्पंद १२० नॅनोसेकंदांनी परतला. एका बाजूचा वेळ ६०. म्हणून खोली ६० × ३.३ = १९८ सें.मी., म्हणजे सुमारे २ मीटर.

आता हेच यंत्र त्याच जिल्ह्यातील लोणार सरोवरावर नेले तर? उल्काघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या, सुमारे १.८ कि.मी. व्यासाच्या विवरातले हे पाणी खारे आहे. तेथे स्पंद तळ गाठण्याआधीच विरतो. कारण तरंगाच्या विद्युत्‌क्षेत्रामुळे क्षारांचे आयन हलतात आणि तरंगाची ऊर्जा उष्णतेत जाते.

क्षारांमुळे पाण्याची वाहकता कशी वाढते, हे घरीच पाहा. टॉर्चचे तीन सेल, एक एलईडी आणि दोन तारा यांचे मंडल पेल्यातील पाण्यातून पूर्ण करा. साध्या पाण्यात एलईडी मंद दिसेल. दोन चमचे मीठ घालताच उजळेल. (घरातील प्लगची वीज कधीही वापरू नका.)

लोणारसारख्या पाण्यात खोली मोजण्यास ध्वनितरंग चालतात. पूर्णा खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर भागातल्या खारपाण पट्ट्यातही क्षार आणि चिकण माती यांपुढे रडार हतबल होते. तेथे जमिनीत सळया रोवून विद्युत्‌रोध मोजतात. रोध फार कमी आला, तर खाली खारे पाणी असण्याचा संभव अधिक. विहीर खणण्याआधीच शेतकऱ्याला सावध होता येते. म्हणजे रडारला आंधळे करणारे क्षारच येथे वाट दाखवतात!

आता सांगा : गोड्या पाण्यात स्पंद १८० नॅनोसेकंदांनी परतला, तर खोली किती?