मरळीच्या पिल्लांना कोरड्या खाद्याची सवय

वाशिम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची संख्या बरीच वाढली आहे. ओलिताची सोय झाल्यावर त्याच पाण्यात मासळीचे उत्पन्न घ्यावे, हा विचार ओघानेच येतो. कटला, रोहू व मृगळ या जातींचे संगोपन शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. आता काहींचे लक्ष मरळीकडे वळले आहे. मरळीत बारीक काटे कमी असतात, ती बाजारात जिवंत नेता येते आणि तिला भावही चांगला मिळतो. शेजारच्या तेलंगण राज्याने तर तिला राज्यमाशाचा मान दिला आहे.

परंतु हौसेने मरळीचे बीज सोडावे आणि काही महिन्यांनी जाळे ओढल्यावर मूठभर मोठे मासे तेवढे हाती लागावेत, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. अशा वेळी बीजाला किंवा पाण्याला दोष दिला जातो. खरे कारण बहुधा निराळे असते. सोडलेली पिल्ले कोरडे खाद्य खाण्यास शिकलेली नसतात. ती उपाशी राहतात व अखेरीस एकमेकांस खाऊन टाकतात. म्हणून ही सवय कशी लावावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मरळीचा स्वभाव

मरळ ही शिकारी जात आहे. रोहू-मृगळाप्रमाणे ती कोंडा व पेंड यांवर वाढत नाही. लहान मासे, बेडकांची पिल्ले, झिंगे व किडे हे तिचे नैसर्गिक भक्ष्य होय. भक्ष्याची हालचाल दिसली की ती त्यावर झडप घालते. स्थिर पडलेली गोळी तिला अन्न वाटतच नाही.

पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्यांच्या डोहांत, नाल्यांत व जुन्या तलावांत पावसाळ्याच्या आरंभी मरळीची जोडी पाणवनस्पतींमध्ये जागा साफ करून अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात व उबदार पाण्यात दीड दिवसाच्या आत फुटतात. पुढे तांबूस रंगाच्या पिल्लांचा थवा पृष्ठभागाजवळ फिरतो आणि नर-मादी त्याची राखण करतात. या दिवसांत राखण करणारी जोडी पकडली, तर सारा थवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. मरळ टिकावी असे वाटत असेल, तर या काळात जोडीला हात लावू नये.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लू पोटातील बलकावर जगते. नंतर ते पाण्यातील सूक्ष्म जीव खाऊ लागते. या वयात त्याचे जठर पूर्ण तयार झालेले नसते. ते साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काम करू लागते. म्हणून त्यापूर्वी कोरडे खाद्य देणे निरर्थक असते. ते पचत नाही व पाणी मात्र नासते.

सवय केव्हा लावावी

व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या खोऱ्यात मरळीचे संगोपन मोठ्या प्रमाणावर होते. तेथील प्रयोगांत पिल्ले सुमारे १७ दिवसांची झाल्यावर ताज्या मासळीच्या लगद्यातील दहावा हिस्सा दररोज कमी करून तितकेच तयार खाद्य मिसळण्याची रीत उपयुक्त ठरली. आपल्याकडे नवशिक्या शेतकऱ्याने घाई करू नये. पिल्ले तीन ते चार आठवड्यांची झाल्यावर आरंभ करावा व दोन ते तीन आठवड्यांत काम संपवावे.

या भागात मार्गशीर्ष-पौषात पाणी गार पडते व मरळीची भूक मंदावते. आषाढ-श्रावणातील पिल्लांना दिवाळीपूर्वीच खाद्याची सवय लागली पाहिजे.

प्रत्यक्ष रीत

हे काम मोठ्या तळ्यात होत नाही. त्यासाठी सिमेंटची टाकी किंवा तळ्यात बांधलेला बारीक जाळीचा हापा वापरावा. पाणी फूट-दीड फूट पुरे. एका कडेला सावली असावी. टाकीवर जाळी ताणावी, कारण मरळ उडी मारून बाहेर पडते. मात्र जाळी पाण्याला टेकू देऊ नये. मरळ हवेतूनही श्वास घेते. तिला वर येण्यास वाव मिळाला नाही, तर ती पाण्यातच गुदमरते. पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम पिल्लांची निवड करावी. एकाच आकाराची पिल्ले एका टाकीत ठेवावीत.

२. खाद्य रोज ठरलेल्या वेळी व ठरलेल्या जागी द्यावे. टाकीच्या काठावर दोन टिचक्या माराव्यात. काही दिवसांत पिल्ले त्या आवाजाने गोळा होतात.

३. पहिले दोन दिवस स्वस्त मासळी स्वच्छ धुऊन, बारीक वाटून तिचा लगदा द्यावा. बारीक गोळे हळूहळू सोडावेत, म्हणजे खाली जाताना ते हालते भक्ष्य भासतात.

४. तिसऱ्या दिवसापासून लगद्यात तयार खाद्याची भुकटी मिसळावी. प्रारंभी नऊ भाग लगदा व एक भाग भुकटी घ्यावी. पिल्ले नीट खात असतील, तरच भुकटी वाढवावी.

५. लगदा अर्ध्यावर आला की मिश्रणाच्या बारीक शेवया पाडून द्याव्यात. शेवटी पिल्लांच्या तोंडात मावेल एवढी तरंगणारी गोळी द्यावी.

६. लहान पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खाऊ घालावे. त्यांनी तोंड फिरवले की थांबावे. उरलेले खाद्य अर्ध्या तासात काढावे व रोज काही पाणी बदलावे.

मरळीच्या खाद्यात प्रथिने शेकडा ४० किंवा अधिक असावीत. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा असल्याने घरच्या सोयाबीनवर काम भागवण्याचा मोह होतो. शिजवलेली सोयाबीन पेंड काही प्रमाणात चालते. पण मासळीच्या भुकटीची जागा ती सर्वस्वी घेऊ शकत नाही. कच्चे सोयाबीन मुळीच देऊ नये, कारण त्यातील द्रव्ये पचनास अडथळा करतात.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक उतावळेपणाची. पिल्ले गोळीला तोंड लावीत नाहीत असे पाहून शेतकरी कंटाळतो व पुन्हा जिवंत किडे किंवा मासे टाकतो. पिल्ले मग त्याचीच वाट पाहू लागतात. अशा वेळी जिवंत भक्ष्य न देता मिश्रणाच्या आदल्या प्रमाणावर यावे व दोन दिवस तेथेच थांबावे.

दुसरी चूक पिल्लांना दिवसेंदिवस उपाशी ठेवण्याची. काही तासांची भूक उपकारक असते. दीर्घ उपासाने मात्र बलवान पिल्लू दुबळ्याला गिळते.

तिसरी चूक निवड न करण्याची. गोळी लवकर शिकलेली पिल्ले झपाट्याने वाढतात व मागे राहिलेल्यांवर तुटून पडतात. दर आठवड्यास मोठी, मध्यम व लहान पिल्ले वेगळी करावीत. मागे राहिलेली पिल्ले टाकून न देता वेगळ्या टाकीत पुन्हा लगद्यापासून शिकवावीत. त्यांतील बरीचशी दुसऱ्या खेपेस शिकतात.

खर्च आणि व्यापक हित

एक किलो मरळ वाढवण्यास ताजी लहान मासळी सुमारे चार किलो लागते. चांगले कोरडे खाद्य दीड किलोच्या आसपास पुरते. गोळी दिसण्यास महाग असली, तरी ती साठवता येते आणि पाणी कमी नासते.

यात केवळ एका शेतकऱ्याचा प्रश्न नाही. कंबोडिया देशात मरळीच्या खाद्यासाठी नैसर्गिक पाण्यातील लहान मासे इतके उपसले जाऊ लागले, की शासनास २००४ साली तिच्या संगोपनावर बंदी घालावी लागली. ती २०१६ साली उठली. आपल्या नाल्यांतील व तलावांतील लहान मासळी ही भोई बांधवांची उपजीविका व गरिबाच्या ताटातील कालवण आहे. ती मरळीच्या पोटी घालणे हिताचे नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

बीज खरेदी करणाऱ्या शेतकऱ्यास कार्यकर्त्याने एक गोष्ट आवर्जून सांगावी. दोन-तीन इंचांची पिल्ले घेताना विक्रेत्याने ती गोळी खातात हे समक्ष दाखवावे. मूठभर गोळ्या टाकताच पिल्ले वर येऊन खाऊ लागली, तरच पैसे मोजावेत. तळ्यात कटला-रोहूची बोटुकली असतील, तर तेथे मरळ सोडू नये.

सारांश, मरळीचा नफा-तोटा तळ्यात नव्हे, तर टाकीतील त्या दोन-तीन आठवड्यांत ठरतो. त्या दिवसांत जो शेतकरी धीर धरील, वेळ पाळील व पिल्लांची निवड करील, त्याचे जाळे रिकामे येण्याचे भय पुष्कळच कमी होईल.