खांदा धरला म्हणून हात गळ्यात बांधू नका

तोडणी लागली की रांजणगाव परिसरात खांदा चोळणारी माणसं आम्हांस हटकून भेटतात. कोयता चालवून, मोळ्या चढवून खांद्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, दुखावते. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही.

नुसती विश्रांती घेतली तर कंडरा आणखी दुबळी होते. बसून असलेला बैल आपण एकदम भरल्या गाडीला जुंपतो का? प्रथम कोपर अंगाशी धरून मुठीची मागची बाजू भिंतीवर दाबावी, अर्धा मिनिट, पाच वेळा. कळ निवली की दुसऱ्या कुशीवर निजून, कोपर बरगडीला टेकवून, अर्धा लिटर पाण्याची बाटली उचलावी. दिवसाआड, 10-10 च्या तीन खेपा. वजन हळूहळू वाढवावे. थोडं दुखलं तर चालेल. सकाळी जास्त ठणकलं तर एक पायरी मागे. गुण यायला 3 महिने लागतात, आणि पंधरा दिवसांत सोडणारेच फार!

उचल घेतलेल्या तोडणीवाल्याला ‘घरी बसा’ म्हणणे आम्हांस शोभत नाही. त्याची मोळी तेवढी लहान बांधू द्यावी, हे मुकादमाने व शेतमालकाने पाहावे.

पडल्यावर हात उचलेनासा झाला तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा. छातीत दुखून घाम सुटला तर तो खांदा नव्हे, तडक दवाखाना.