फ्लशची टाकी भरतच राहते तेव्हा

कुंभकोणम कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. तरीही मे महिन्यात तिथे पाण्याची किंमत कळते. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची ठरलेली तारीख १२ जून. त्याआधी कावेरीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. माझे आजोबा-आजी तिथे राहतात. आमचे घराणे तंजावरच्या मराठी राज्याच्या काळात तिकडे गेले. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, पण घरातली मराठी टिकली. (माझी मराठी आजोबांना विचित्र वाटते आणि त्यांची मला.)

गेल्या सुट्टीत मी तिथे होतो. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी सकाळी भरली, की दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत कोरडी होत असे. मग ऐंशीच्या घरातले आजोबा मागच्या विहिरीवरून बादल्या आणत. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून तिला ते हात लावू देत नसत. दोनच माणसे असताना पाणी जाते कुठे? रात्री घर शांत झाल्यावर उत्तर ऐकू आले. संडासातली फ्लशची टाकी बारीक सूं सूं करत होती. एका प्लंबरने टाकीच बदला असे सांगून ठेवले होते. मी आधी झाकण उघडून पाहायचे ठरवले.

मित्रांनो, या टाकीत दोनच दारे असतात. एक आत येणाऱ्या पाण्याचे, म्हणजे बॉलकॉक. दुसरे तळाशी, जे फ्लश केल्यावर उघडते. शिवाय मध्ये एक उभी नळी असते. पाणी प्रमाणाबाहेर वाढले तर ते जमिनीवर न सांडता या नळीतून भांड्यात जाते. म्हणून टाकी थांबत नसेल तर पहिला प्रश्न एकच: पाणी या नळीच्या तोंडावरून आत पडते आहे का? पडत असेल तर येणारे दार बंद होत नाही. पाणी नळीच्या खाली आहे आणि तरी टाकी मधूनमधून भरते, तर तळाचे दार गळते आहे. हे न पाहता सामान विकत आणणे म्हणजे निदान न करता औषध घेणे.

आमच्याकडे पाणी नळीत पडत होते. किती पडते ते मोजायची सोपी युक्ती आहे. टाकीवर आडवी काठी ठेवून बॉलचा दांडा दोरीने वर ओढून बांधला, म्हणजे बॉलकॉक जितका बंद होऊ शकतो तितका झाला. मग एक लिटर पाणी काढून घेतले आणि पातळी परत नळीच्या तोंडापर्यंत यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिले. चार मिनिटे लागली. म्हणजे तासाला १५ लिटर, दिवसाला ३६० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर धरतात. आजी-आजोबांचे मिळून २७० होतात. त्याहून जास्त पाणी त्या आवाजातून वाहून जात होते.

आता बॉलकॉक पाणी थांबवतो कसा ते पाहू. गच्चीवरची टाकी या टाकीच्या साधारण सहा मीटर वर होती. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो असतो. इथे तो ६०० ग्रॅम. बॉलकॉकच्या आतले छिद्र चार मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ०.१२५ चौरस सेंटिमीटर. तेव्हा ते छिद्र बंद ठेवायला फक्त ७५ ग्रॅमचा जोर लागतो. दुसऱ्या बाजूला बॉल पाण्यात बुडून १५० ग्रॅमने जरी वर ढकलला गेला, तरी दांड्याची लांब बाजू २० सेंटिमीटर आणि आखूड बाजू दोन सेंटिमीटर असल्यामुळे तो जोर दहापट होतो: दीड किलो. आर्किमिडीज आणि तरफ, दोन्ही नववीपर्यंत शिकलेलेच! गरजेच्या वीसपट जोर असताना पाणी थांबत नाही, याचा अर्थ जोर कमी नाही, बंद करणारी जागा खराब आहे. किंवा मग बॉलला भोक पडून त्यात पाणी शिरले आहे, नाहीतर दांडा टाकीच्या भिंतीला घासतो आहे. बॉल हलवून पाहिला. आत पाणी खळखळले नाही. दांडाही मोकळा होता.

जुन्या जीपच्या कार्ब्युरेटरमध्येही असाच तरंगता गोळा असतो. तो सुई वर दाबून पेट्रोल थांबवतो, आणि सुईखाली कचरा अडकला की पेट्रोल बाहेर वाहते. तिथेही मेकॅनिक आधी सुई आणि तिची बैठक पाहतो.

टाकीला येणारा अँगल कॉक बंद केला आणि फ्लश करून पाणी काढून टाकले. दांड्याच्या सांध्यातली पिन पकडीने सरळ करून ओढली. दांडा सुटला, मग पितळी पिस्टन बाहेर आला. त्याच्या टोकाला रबरी वॉशर असतो. त्यावर छिद्राच्या कडेने खोल गोल खाच पडली होती आणि खाचेत क्षाराचा पांढरा खडा रुतला होता. त्या खड्याच्या बाजूने पाणी वाट काढत होते. छिद्राच्या कडेवरचा क्षार लिंबाच्या फोडीने दहा मिनिटे भिजवून कापडाने पुसला. इथे चाकू किंवा पोलिश पेपर वापरू नये; कडेला ओरखडा पडला तर नवा वॉशरही टिकणार नाही, सगळा बॉलकॉक बदलावा लागेल.

दुकान उघडेपर्यंत तोच वॉशर उलटा करून बसवला. मागची बाजू सपाट असते, त्यामुळे काही दिवस काम भागते. सकाळी जुना वॉशर खिशात घालून दुकानात गेलो. मला तमिळ चार शब्दांपलीकडे येत नाही, पण वॉशर पुढे धरल्यावर भाषा लागलीच नाही. असाही नमुना बरोबर नेलेलाच बरा, कारण अंदाजाने आणलेला वॉशर एक मिलिमीटरने मोठा निघतो.

नवा वॉशर बसवल्यावर पातळी लावली. पाणी उभ्या नळीच्या तोंडाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर थांबले पाहिजे. पितळी दांडा असेल तर तो दोन्ही हातांनी हळू खाली वाकवायचा. प्लास्टिकच्या नव्या बॉलकॉकला त्यासाठी स्क्रू असतो.

तळाचे दार तपासायला नीळ उत्तम. अँगल कॉक बंद ठेवून, पातळी नळीच्या खाली असताना निळीचे काही थेंब टाकीत टाकावेत आणि वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात निळी धार उतरली तर तळाचे रबर बदलावे. आमच्याकडे भांडे पांढरेच राहिले.

वसतिगृहात हे सगळे उघडण्याची गरज नाही आणि परवानगीही नाही. पण दिवे मालवल्यावर संडासांच्या रांगेतून एकदा कान देऊन जाता येते. जिथे सूं सूं ऐकू येईल तिथले झाकण उचलून पाणी नळीत पडते आहे की खाली आहे एवढे पाहावे आणि तक्रारवहीत टाकीच्या क्रमांकासह तेच लिहावे. नुसते ‘टाकी बिघडली’ लिहिले, तर मिस्त्री कोणते सामान घेऊन येणार?