मोबाइलवरील खेळ रचावयाचा आहे : पहिले इंजिन कोणते घ्यावे?

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीचा एक विद्यार्थी माझ्या घरी आला. "सर, मला मोबाइलवरचा खेळ तयार करायचाय. कोणतं इंजिन घेऊ?" या विषयातील माझे ज्ञान तेव्हा ऐकीव होते. मी सहज बोलून गेलो, "मोठमोठ्या कंपन्या वापरतात तेच घे." त्याच्या वडिलांचे खडेबाजारात लहानसे दुकान आहे. त्यांनी पदरमोड करून जुना लॅपटॉप घेऊन दिला. इंजिन उतरवून घेण्यात इंटरनेटचे दोन पॅक संपले, आणि उतरल्यावर यंत्र जागचे हलेना. महिन्याने मुलगा रस्त्यात भेटला व म्हणाला, "आपल्या डोक्याला ते झेपत नाही, सर."

ते वाक्य मला लागले. त्याच्या बुद्धीत काही उणे नव्हते. चुकला होता तो माझा सल्ला. त्यानंतर मी हा विषय पद्धतशीर अभ्यासिला. ट्रस्टच्या या स्मरणिकेतून तो पालक व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहे. हेतू हा की, अशाच सल्ल्यापायी दुसऱ्या कोणा मुलाने स्वतःस मंदबुद्धी समजू नये.

प्रथम इंजिन म्हणजे काय ते पाहू. शहापूर-वडगावचा विणकर लुगडे विणतो तेव्हा माग तो स्वतः घडवीत बसत नाही. माग तयार असतो. नक्षी, रंग व काठ त्याचे असतात. खेळाच्या इंजिनाचेही तसेच आहे. पडद्यावर चित्र काढणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की नाही ते पाहणे, आवाज काढणे आणि शेवटी फोनवर चढेल असा गठ्ठा बांधून देणे, ही सर्व कामे इंजिन करते. बहुतेक खेळांत चित्र एका सेकंदास सुमारे साठ वेळा नव्याने काढले जाते. म्हणजे प्रत्येक चित्रास सतरा मिलिसेकंदही मिळत नाहीत. एवढ्या अवधीत स्पर्श वाचावयाचा, हिशोब करावयाचा व चित्र काढावयाचे. नियम मात्र आपण सांगावयाचे असतात, आणि खेळ रचणाऱ्याची खरी विद्या तीच.

आता निवडीच्या कसोट्या. पहिली कसोटी घरातील यंत्राची. अनरिअल हे इंजिन विलक्षण सामर्थ्याचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेला 'राजी' हा खेळ त्यावरच रचला आहे. परंतु त्यास अनेक गिगाबाइट जागा व दणकट यंत्र लागते. नवशिक्याने त्याच्या वाटेस न जाणे बरे.

दुसरी कसोटी भाषेची, म्हणजे यंत्रास आज्ञा कशा द्यावयाच्या याची. ज्यास संगणकाची भाषा मुळीच येत नाही त्याने स्क्रॅचपासून आरंभ करावा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली ते मुलांसाठी लोकांपुढे आणले. त्यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांस जोडावयाचे असतात. मात्र ते शिकण्याचे साधन आहे, फोनवर वेगळा खेळ म्हणून चढविण्याचे नव्हे. जीडेव्हलप हे त्यापुढचे पाऊल. "अमुक घडले तर तमुक करावे" अशी वाक्ये मांडून त्यात खेळ रचता येतो, व तो फोनवरही नेता येतो. मात्र तो गठ्ठा त्यांच्याकडून इंटरनेटवर बांधून घ्यावयाचा झाल्यास फुकट वापरास मर्यादा आहे.

तिसरी कसोटी मालकीची. तिच्याकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. युनिटी हे इंजिन मोबाइल खेळांत फार प्रचलित आहे. 'पोकेमॉन गो' हा गाजलेला खेळ त्यावरचा. शिकविणारी साधनेही त्यास मुबलक आहेत. पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या मालक कंपनीने, ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेला खेळ जितक्या वेळा फोनवर चढेल तितकी फी आकारण्याचे जाहीर केले. जगभर खेळ रचणाऱ्यांनी गिल्ला केला. कंपनीने प्रथम अटी सौम्य केल्या, व सप्टेंबर २०२४ मध्ये खेळांसाठी ती फी रद्द केली. युनिटी त्याज्य आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु भाड्याच्या मागावर विणणाऱ्याने भाडेचिठ्ठी वाचली पाहिजे, एवढा धडा त्यातून घ्यावा.

या तिन्ही कसोट्यांस एकत्र उतरणारे इंजिन म्हणून मी गोडोचे नाव सुचवितो. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व एरिअल मान्झुर या दोघांनी ते घडविले आणि २०१४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांस खुले केले. त्यास किंमत नाही, आणि तयार केलेल्या खेळावर कोणाचा हिस्साही नाही. मूळ गठ्ठा दीडशे मेगाबाइटच्या आत उतरतो. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा सुटसुटीत आहे. आपल्या सीमाभागास आणखी एक सोय मोलाची वाटेल. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून योग्य टंक दिल्यास मराठी व कन्नड जोडाक्षरे नीट उमटतात, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे बरोबर लिहिली जाते. एका घरात तिन्ही लिपी नांदणाऱ्या आपल्या लोकांस याचे महत्त्व सांगावयास नको. एक अडचणही सांगून ठेवतो. अँड्रॉइड फोनसाठी गठ्ठा बांधताना जावा व अँड्रॉइडची साधने निराळी उतरवावी लागतात, व ती इंजिनापेक्षा बरीच जागा खातात. यास्तव आधी खेळ संगणकावर पुरा करावा, मग ती खटपट.

आता पहिला खेळ कोणता? लढाया व मोटारशर्यती सोडून विटीदांडू घ्यावा. बोटाने एकदा दाबले की विटी उडेल; ती हवेत असताना दुसऱ्यांदा दाबले की टोला बसेल. हिशोब नववीच्या विज्ञानातील गतीच्या समीकरणांचाच आहे. पडद्यावरील अंतर ठिपक्यांत मोजतात. विटीस वर जाण्याचा वेग सेकंदास ६०० ठिपके दिला आणि गुरुत्वाकर्षणामुळे तो दर सेकंदास १२०० ने घटत ठेवला, तर अर्ध्या सेकंदात वेग शून्य होईल. विटी १५० ठिपके चढेल व पुढील अर्ध्या सेकंदात खाली येईल. खेळणाऱ्यास एकंदर एक सेकंद मिळाला. खेळ फार सोपा वाटल्यास गुरुत्वाकर्षण वाढवावे. वर्गात रुक्ष वाटणारे समीकरण येथे हाताशी खेळू लागते. लहान खेळास जग हसते असेही नाही. इटलीतील गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या तरुणाने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत '२०४८' हा आकड्यांचा खेळ रचला, आणि तो जगभर खेळला गेला.

खेळ आपल्याच फोनवर चढविण्यास फी पडत नाही. गूगल प्लेवर ठेवावयाचा तर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, खातेदार अठरा वर्षांचा असावा लागतो, आणि नवीन वैयक्तिक खातेदारास किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस खेळाची परीक्षा करवून घ्यावी लागते. ॲपलची फी वर्षास ९९ डॉलर आहे. पहिल्या वर्षी या दोहोंच्या मागे लागू नये. बारा परीक्षक तर आपल्या मोहल्ल्यातच मिळतील.

पालकांस एकच विनंती. मुलगा अथवा मुलगी मोबाइलवर खेळताना दिसली तर रागावण्यापूर्वी विचारावे, "हा खेळ कसा केला असेल, सांगशील?" उत्तर देण्याची उत्सुकता दिसली तर जुने यंत्रही पुरे आहे. आणि एकदा निवडलेले इंजिन पहिला खेळ पुरा होईपर्यंत बदलू देऊ नये. दर महिन्यास माग बदलणाऱ्या विणकराचे लुगडे कधीच उतरत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्या मुलाच्या दुकानी गेलो आणि चूक माझी होती असे त्यास सांगितले. तो संकोचला. पण त्याच जुन्या लॅपटॉपवर, दुकान बंद झाल्यावर रोज तासभर बसून, त्याने विटीदांडू पुरा केला. त्याच्या धाकट्या भावाची तक्रार आहे की विटी फार लवकर खाली येते. मी त्यास म्हटले, "मग १२०० चा आकडा कमी कर." आता तो आकडा धाकटा स्वतः बदलतो.